पाचव्या तिकिटाची बॅग

मी एक जुनी बॅग आहे. तपकिरी कॅनव्हासची, कोपऱ्यांना चामडं लावलेली आणि पोटाने जरा सुटलेली. हल्लीच्या बॅगा कशा टणक असतात, आपटल्या तरी हूं की चूं करत नाहीत. मी त्यांतली नाही. जास्त भरलं की मी फुगते आणि रिकामी झाले की चेहरा पाडून बसते. लपवाछपवी मला कधी जमली नाही.

एका अरुंद गाळ्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. तो दातांत दोरा धरून काम करायचा, त्यामुळे बोलायचा फार कमी. शिवून झाल्यावर त्याने माझ्यात विटा भरल्या आणि दिवसभर खुंटीला टांगून ठेवलं. संध्याकाळी खाली उतरवून माझी मूठ चाचपली आणि म्हणाला, "ही तुटायची नाही." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं ताईने. ती तेव्हा नुकतीच एका इस्पितळात औषधांच्या खिडकीवर कामाला लागली होती. पहिला पगार हातात पडला तशी ती थेट दुकानात आली. तिला बॅग हवी होती ती धाकट्या भावासाठी. तो शिकायला दूरच्या शहरात निघाला होता आणि कपडे चादरीत बांधून न्यायची त्याला लाज वाटत होती.

पुढची काही वर्षं मी वसतिगृहातल्या खाटेखाली काढली. भावाचे मित्र मला बघून हसायचे. "ही बॅग आहे की गोदाम?" तो ऐटीत म्हणायचा, "माझ्या ताईने घेतलीय, पहिल्या पगारातून!" हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तो वाईट माणूस वाटेल. तो वाईट नव्हता. वाईट माणसावर रागावून मोकळं तरी होता येतं.

तो शिकला, मोठ्या नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. घरात चकचकीत बॅगा आल्या आणि मी ताईच्या मागच्या खोलीत परत आले. ताईने लग्न केलं नाही. का केलं नाही हे कोणी विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आमच्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या. वडिलांचे कपडे, थर्मास, औषधं, सगळं माझ्यात. उचलून उचलून ताईची कंबर धरली, तेव्हा तिने रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून मला चाकं लावून घेतली. त्याच सुमारास भाऊ, भावजय आणि मुलं एका मोठ्या देशाची सहल करून आली. ताई वडिलांपाशी थांबली होती. त्या सहलीचे फोटो तिने वडिलांना एकेक करून दाखवले आणि प्रत्येक फोटोत कोण कुठे उभं आहे ते समजावून सांगितलं.

वडील गेले. ताई निवृत्त झाली. मी माळ्यावर चढले. तिथे धूळ खात असताना एके दिवशी अचानक मला खाली ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि जेवणाच्या खोलीत उन्हाला ठेवलं. घरात परत परदेशाच्या सहलीचं ठरत होतं.

"ताई, या वेळी तूही चल," भाऊ म्हणाला.

"हो ना वन्सं," भावजय म्हणाली, "तिथे आम्ही घरच घेतोय राहायला, स्वयंपाकघरासकट. तुमच्याशिवाय मजा नाही."

ताईने हातातला चमचा खाली ठेवला. त्या देशात तिची एक मैत्रीण राहत होती. इस्पितळात नर्स होती, दोघींनी तरुणपणी एकाच खोलीत दिवस काढले होते. ताई उंच आणि ती ठेंगणी, म्हणून ताई तिला बुटकी म्हणायची आणि ती ताईला लांबुडी. बुटकी नोकरीसाठी तिकडे गेली ती तिकडचीच झाली. त्या संध्याकाळी फोनवर तिचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "ए लांबुडे, ये एकदाची! माझे दोन्ही गुडघे नवे आहेत, पण ते किती दिवस चालतील त्याचा भरवसा नाही!"

भावाच्या सहलीत तळ्याकाठच्या एका गावचा मुक्काम होता. बुटकी तिथून तासाभरावर राहायची. ती आगगाडीने त्या गावी येणार आणि स्टेशनासमोरच्या कॅफेत सगळ्यांना भेटणार, असं ठरलं.

व्हिसाचं काम भावाने अंगावर घेतलं. पाचही जणांनी कचेरीत जाऊन फोटो काढले, बोटांचे ठसे दिले, आणि पाचही जणांना व्हिसा मिळाला. ताई आपला पासपोर्ट उघडून ते पान पुन्हा पुन्हा बघायची. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या दोन-दोनदा वाचून मगच गोळ्या दिल्या होत्या. स्वतःच्या कागदांचं मात्र तिने फक्त कौतुक केलं. वाचायचं काम भावाचं, असं ती धरून चालली होती.

मग तिकिटं काढायची वेळ आली. भाऊ लॅपटॉप उघडून टेबलाशी बसला होता. थेट विमान महाग होतं, म्हणून त्याने मध्ये एका देशात विमान बदलायचं तिकीट निवडलं.

त्याची मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, जिथे विमान बदलायचं तिथलाही व्हिसा लागतो असं दिसतंय."

"थांब, बघतो." त्याने पडद्यावरचं वाचलं. "हं. मागच्या ट्रिपला घेतला होता ना, त्या देशाचा व्हिसा चालू असेल तर लागत नाही. आपल्याकडे आहे तो. दहा वर्षांचा आहे."

"सगळ्यांचं झालं ना रे?" भाजी निवडता निवडता ताईने विचारलं.

"झालं गं. तू फक्त गरम कपड्यांचं बघ."

मी तिथेच कोपऱ्यात होते, मित्रांनो. 'आपल्याकडे' या शब्दात किती माणसं बसतात ते त्या खोलीत कोणी मोजलं नाही. मागच्या सहलीला ताई गेलीच नव्हती, मग तिच्याकडे तो व्हिसा असणार कुठून? पण ज्याच्या डोक्यात 'आपण' म्हणजे चार जण पक्के बसलेत, त्याला पाचवं माणूस समोर भाजी निवडत बसलेलं असलं तरी दिसत नाही.

मला भरायला घेतलं भावजयीने. पाच तिकिटं म्हणजे पाच जणांच्या सामानाची मुभा. तिने माझ्या तळाशी कुकर ठेवला, त्याभोवती मुलांची जाकिटं कोंबली, वर भावाचे बूट, डाळ-तांदळाच्या पिशव्या, मसाल्यांचे डबे. उरलेल्या फटीत ताईचे दोन स्वेटर, एक शाल, औषधांची पिशवी आणि बुटकीसाठी विणलेले लोकरीचे हातमोजे. माझ्या पोटाला तड लागली होती. तरी मी खूश होते. मी प्रथमच ताईच्या नावाची चिठ्ठी लावून प्रवासाला निघणार होते.

विमानतळावर आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने चार पासपोर्ट चटचट पाहिले. पाचव्याशी ती थांबली. पानं पुढे उलटली, मागे उलटली.

"या मॅडमचा ट्रान्झिट व्हिसा?"

"लागत नाही," भाऊ म्हणाला. "मी नियम वाचलाय."

"तुम्हा चौघांना लागत नाही, सर. यांना लागतो. यांच्याकडे दुसरा कुठलाच व्हिसा नाही."

"अहो, पण जायचंय तिथला आहे ना!"

"तिथला आहे. पण मध्ये उतरू देणार नाहीत. मला यांना विमानात बसवता येणार नाही."

भावाने आवाज चढवला. वरिष्ठांना बोलावलं. तेही आले, त्यांनीही पानं उलटली आणि तेच सांगितलं. मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघू लागली. ताई एका बाजूला उभी होती. चूक तिचीच असल्यासारखा तिने चेहरा केला होता.

तेवढ्यात ती काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "उद्या सकाळी थेट विमान आहे. ते मध्ये कुठेच थांबत नाही. त्याने गेल्या तर यांना काही अडचण नाही. जागा आहेत."

ताईचा चेहरा एकदम फुलला. "मग मी त्याने येते! तुम्ही व्हा पुढे."

भावाने घड्याळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"ताई, एकटी? तिथे उतरून काय करशील? बाहेर कुठून पडायचं तेसुद्धा कळायचं नाही तुला."

"विचारीन की कोणाला."

"आणि ऐन वेळचं तिकीट म्हणजे... जाऊ दे गं, उगाच."

"माझ्या पेन्शनमधून काढते ना मी."

"वन्सं, तुमच्याच जिवाला घोर लागेल," भावजय म्हणाली. "आम्हालाही तिकडे चैन पडणार नाही, तुम्ही एकट्या प्रवासात म्हणून."

"पुढच्या वर्षी नेतो तुला," भाऊ म्हणाला. "शब्द देतो. आणि तुझ्या बुटकीला आम्ही भेटू, तुझा निरोप देऊ. मग तर झालं?"

त्या क्षणापर्यंत जे झालं होतं ती चूक होती, मित्रांनो. चूक कोणाचीही होते. पण आता त्या मुलीने वाट दाखवली होती, आणि ती कोणाला चालायची नव्हती. इतकी वर्षं नोकरी केलेली, वडिलांच्या आजारपणात रात्री-अपरात्री एकटीने इस्पितळं गाठलेली ती बाई भावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

आता चार जणांच्या मापात सामान बसवायचं होतं. मला तिथेच फरशीवर आडवं करून उघडलं. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. मुलांची जाकिटं गेली, बूट गेले, डबे गेले. भावाने कुकरला हात घातला, तशी भावजय म्हणाली, "कुकर राहू दे. आता कोण करणार आहे स्वयंपाक?"

ती हे सहज बोलली. तिच्या लक्षातही आलं नसेल. ताई वाकून माझी चेन लावत होती. तिचा हात अर्ध्यावर थांबला, मग तिने चेन शेवटपर्यंत ओढली. भाची आत्याला मिठी मारायला पुढे आली, पण रांग हलली आणि आईने तिला हाक मारली. काचेच्या दारापलीकडून चौघांनी हात हलवले. ताईनेही हलवला.

टॅक्सीने आम्ही घरी आलो. जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई भेटली. "अहो, तुम्ही गेलात ना?"

"विमान उशिरा आहे," ताई म्हणाली.

नंतर तिने बाहेरच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. वाण्याकडे गेली नाही, गॅलरीत उभी राहिली नाही. घरात जे होतं त्यावर भागवलं. शेजाऱ्यांचा निरोप घेऊन झाला होता, आता कोणत्या तोंडाने सांगायचं की मला परत पाठवलं? कुकर माझ्यात तसाच होता. ताईने मला उघडलंसुद्धा नाही.

मग बुटकीचा फोन आला. ताईने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "असो. आता पुढच्या वर्षी."

मग बुटकीने विचारलं, "तुझा व्हिसा कोणी फाडला का?"

"नाही."

"मुदत संपली?"

"नाही गं."

"मग घरात काय करतेयस?"

ताईने फोन ठेवला. मग उठली, पडदे सारले, पासपोर्ट काढला, चष्मा चढवला आणि ते पान या वेळी वाचलं. किती तारखेपर्यंत जाता येईल, किती दिवस राहता येईल, किती वेळा आत शिरता येईल. दुसऱ्या दिवशी ती विमान कंपनीच्या कचेरीत गेली, संध्याकाळी आल्यावर बुटकीला फोनवर सगळं सांगितलं, त्यामुळे मला ते ठाऊक. तिथल्या बाईला तिने विचारून विचारून भंडावलं होतं. "मध्ये कुठे उतरायचं नाही ना? पेट्रोल भरायला थांबलं तरी? कोणी आजारी पडलं म्हणून दुसरीकडे उतरवलं तर माझ्या व्हिसाचं काय?" ती बाई शेवटी हसून म्हणाली, "मॅडम, इतकी चौकशी वैमानिकसुद्धा करत नाही." ताई आपल्याकडे उतरणार असल्याचं पत्र बुटकीने पत्त्यासकट पाठवलं. ताईने विमा काढला, परतीचं तिकीट काढलं. मग मला उघडून कुकर बाहेर काढला आणि ओट्यावर आपटलाच.

भावाला तिने कळवलं नाही. "अचानक समोर उभी राहिले की काय चेहरा होईल त्याचा!" ती बुटकीला म्हणाली. मनात अजून अढी नव्हती तिच्या. तळ्याकाठच्या गावी त्यांना गाठायचं आणि उरलेली सहल त्यांच्याबरोबर करायची, असा तिचा बेत होता.

आम्ही गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, एकट्याच आलात? ताई म्हणाली, हो. त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर पडायचा रस्ता बाणांनी दाखवलेला होता. बाणांमागून चालत गेलं की झालं.

बाहेर बुटकी उभी होती. पिकलेली, काठी टेकत, अजून ठेंगणी झालेली. ताईने माझ्यातून हातमोजे काढून तिच्या हातात दिले. बुटकीने हातमोजे तिथेच घातले आणि हवा उबदार असूनही घरी पोचेपर्यंत काढले नाहीत.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघी त्या गावी गेलो. हो, मीही. ताई आता भावाच्या मुक्कामी राहायला जाणार म्हणून मला नीट भरून बरोबर घेतलं होतं. स्टेशनासमोरच्या कॅफेत सकाळी बसलो ते दुपार कलंडली तरी तिथेच. कोणी आलं नाही. ताई प्रत्येक आगगाडीला उठून दाराशी जाई. बुटकी म्हणाली, "विसरले असतील." ताई म्हणाली, "छे! त्याने शब्द दिलाय."

शेवटी बुटकीचे पाय आखडले, म्हणून दोघी जरा चालायला निघाल्या. बोटींच्या धक्क्यावर आलो, आणि समोर ते चौघं.

पायऱ्यांवर उभं राहून ते फोटो काढून घेत होते. कोणा वाटसरूच्या हातात फोन दिला होता आणि तो खुणेने सांगत होता, अजून जवळ या. भावाने एका हाताने बायकोला धरलं, दुसऱ्याने मुलांना ओढलं. चौघं खदखदून हसत होते. ताईने हाक मारायला हात वर केला होता, तो तिने तसाच धरून ठेवला. मीही बघत होते, मित्रांनो. त्या चौघांत कुठेच एका माणसाची जागा रिकामी वाटत नव्हती.

मग भाचीने पाहिलं. "आत्या!" ती धावत आली. मागून बाकीचे.

"ताई? तू इथे?" भाऊ म्हणाला. "कोणी आणलं तुला?"

"मीच आले."

"अगं बाई, वन्सं!" भावजयीच्या तोंडून निघालं. "आता झोपायची सोय कुठे करायची? ते मोठं घर आम्ही बदलून लहान घेतलं हो."

"घराला कुलूप नीट लावलंस ना?" भाऊ म्हणाला. "आणि झाडांना पाणी कोण घालतंय?"

बुटकी काठीवर भार टाकून पुढे झाली. "मी सकाळपासून तुमची वाट बघतेय."

"अरे हो... ते आज बोटीचं जमलं ना, म्हटलं परतताना तुम्हाला फोन करू," भाऊ म्हणाला. त्याच्याकडे बुटकीचा नंबर होता की नाही कोण जाणे.

ताईने एकेकाकडे पाहिलं. मग ती हसली आणि म्हणाली, "माझ्या सोयीचं मनावर घेऊ नका. मी काही राहायला आले नाही. हिच्याकडे उतरलेय. सहज म्हटलं, दिसलात तर भेटावं."

मी तिच्या पायाशी उभी होते. तट्ट भरलेली, चेन गळ्यापर्यंत लावलेली. सगळ्यांनी मला पाहिलं. सहज भेटायला आलेली बाई एवढी मोठी बॅग ओढत कशाला आली, हे एकानेही विचारलं नाही.

उरलेले दिवस ताई बुटकीकडे राहिली. बुटकी बोलता बोलता खुर्चीत झोपून जायची, ताई तिच्या पायांवर शाल टाकायची. निघताना पुढच्या वर्षीची गोष्ट दोघींनीही काढली नाही.

आता मी परत माळ्यावर आहे. खाली दिवाणखान्यात पाहुणे येतात आणि कोणीतरी सहलीचा विषय काढतो. मग भाऊ रंगात येऊन सांगतो, "अहो, विमानतळावर ताईला अडवलं! सगळ्यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, ताई, घाबरायचं नाही. तिथल्या तिथे दुसऱ्या दिवशीचं थेट विमान बघितलं आणि दिली पाठवून! तळ्याकाठी काय भेट झाली म्हणून सांगू!"

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं," पाहुणे म्हणतात.

पहिल्यांदा त्याने हे सांगितलं तेव्हा मी अजून खालीच होते आणि ताई चहा घेऊन आत येत होती. ती दारात थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. आता तो अडखळेल असं मला वाटलं. तो अडखळला नाही. आता तर त्याला ते खरंच वाटतं. ताईने कप ठेवले, साखर पुढे केली आणि आत गेली. त्यानंतरही तिने ते कधी खोडून काढलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरच्यांना घेऊन लांबच्या देशी जाल. निघण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा उघडा. जिथे उतरणार तिथले नियम वाचा, आणि जिथे नुसतं विमान बदलणार तिथलेही वाचा. 'आपलं झालं' म्हणण्याआधी घरातल्या एकेकाचं नाव घ्या, स्वयंपाकघरात असलेल्याचंही. इतकं करूनही कोणी मागे राहिलंच, तर निदान त्याला 'बरं' म्हणायला लावू नका. आणि ते माणूस आपल्या पायांनी वाट काढून पोचलं, तर ते पोचणं त्याच्या नावावर राहू द्या.

ताईला त्या देशात कोणी पाठवलं नव्हतं. ती गेली होती. मी बरोबर होते.